तळे बुजवण्याआधी

गेल्या आठवड्यात शेजारच्या एका गावचे उपसरपंच दवाखान्यात आले. तपासून घ्यायला नव्हे. "डॉक्टरसाहेब, तुमची एक चिठ्ठी पाहिजे. गावतळ्यामुळं रोगराई पसरते, एवढं दोन ओळीत लिहून द्या," म्हणाले. तळे बुजवून त्या जागेवर ग्रामपंचायतीला दुकानाचे गाळे काढायचे आहेत. यंदा पावसाळ्यानंतर गावात डेंग्यूचे रुग्ण बरेच निघाले. तेव्हा डॉक्टरची चिठ्ठी असली की ग्रामसभेत कोणी आडवे येणार नाही, असा त्यांचा हिशेब.

मी चिठ्ठी दिली नाही. कारण अशी एक चिठ्ठी मी पूर्वी दिलेली आहे.

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी झाला, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. डोंगरकड्याला दवाखाना टाकून मला दोनच वर्षे झाली होती. पंचक्रोशीतल्या एका गावात हिवतापाची साथ आली. गावाच्या खालच्या अंगाला हिरवट पाण्याचे तळे होते, त्यात म्हशी बसायच्या. मी नुकताच पुस्तकातून बाहेर आलेला. साचलेले पाणी म्हणजे डास आणि डास म्हणजे हिवताप, असे सांगून मोकळा झालो. तसे लिहूनही दिले. दोन उन्हाळ्यांत मुरूम टाकून तळे बुजले. त्यानंतर खालच्या विहिरी फेब्रुवारीतच तळ गाठू लागल्या. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येऊ लागले आणि घरोघर दोनशे लिटरचे निळे ड्रम आले. हिवताप पुढे सगळीकडेच कमी झाला, त्याचे श्रेय बुजवलेल्या तळ्याला नाही. पण त्या गावातून डेंग्यूचे रुग्ण मात्र माझ्याकडे दरवर्षी येतात. तळ्यावरचे डास घालवायला निघालो आणि ओसरीत दुसरे आणून बसवले.

वाचकहो, सगळे डास एकाच पाण्यात वाढत नाहीत. डेंग्यूचा एडिस डास घरातल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. रांजण, ड्रम, कूलर, गच्चीवरचे जुने टायर, नारळाच्या करवंट्या ही त्याची ठिकाणे. भांडे कोरडे पडले तरी कडेला चिकटलेली अंडी महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, भांडे आतून घासावे लागते. गटारीच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स, हत्तीरोगाचा प्रसार करणारा. हिवतापाचा ॲनॉफिलीस कालव्याच्या पाझराची डबकी, नाल्यातले संथ पाणी, शेतातले साचलेले पाणी यांत सापडतो. तळ्यातही तो होतो, नाही असे नाही. पण जिवंत तळ्यात त्याच्या अळ्या खाणारेही असतात. लहान मासे, बेडकांची पिले, चतुराच्या अळ्या हे सगळे फुकटात काम करतात. तळे मेले की हे नोकर आधी मरतात. डास शेवटपर्यंत राहतो.

तळे मरते कसे, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे, फक्त ध्यानात घेतलेले नाही. आपल्या भागात इसापूरचे पाणी आले, केळी आली, हळद आली. त्याला कोण वाईट म्हणेल? माझे निम्मे रुग्ण त्याच उत्पन्नातून फी देतात. पण कालवा आणि नळ आल्यावर गावतळ्याला धनी उरला नाही. पूर्वी तळ्यात कोणी घाण टाकली तर चार माणसे बोलत, कारण गुरे तिथेच पाणी पीत. आता शेतातले खत पावसाबरोबर तळ्यात येते आणि पाण्यावर शेवाळाची साय धरते. वरून गावाची गटार. घरोघर संडास झाले ही चांगली गोष्ट, पण कित्येक टाक्यांचे जादा पाणी गुपचूप गटारीत सोडलेले असते आणि गटार तळ्यात. तळ्याशेजारी पिण्याची विहीर असली तर पावसाळ्यात कावीळ आणि टायफॉइडचे रुग्ण आलेच. मग जलपर्णी पसरते. तिच्या मुळांना चिकटून वाढणाऱ्या डासांचीही एक जात आहे. एवढे झाले की आपण म्हणतो, तळे घाण आहे, बुजवा.

दुसरा उपाय लोकांना सुचतो तो जेसीबीचा. आमच्याकडे कोणत्याही दुखण्याचा रुग्ण आला तरी नातेवाईक म्हणतात, "सलाईन लावा." तसेच हे. तळे खोल करायचे, कडा सरळ उभ्या कापायच्या, दगडी पिचिंग करायचे, वर फरशी आणि बाकडी. फोटो चांगला येतो. गाळ काढू नये असे मी म्हणत नाही. 2017 पासूनच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेने अनेक शेतांना चांगली माती मिळाली. पण गाळ काढताना कुठे थांबायचे हे ठरले पाहिजे. तळाचा चिकण मातीचा जुना थर पाणी धरून ठेवतो. तो फोडून मुरमाला हात घातला तर तळे गळू लागते. आणि उथळ काठ हा तळ्याचा खरा दवाखाना. लव्हाळे, पाणगवत तिथेच उगवते, येणाऱ्या पाण्यातला गाळ आणि मैला तिथेच अडतो, मासे अंडी तिथेच घालतात, बगळा उभा राहतो तोही तिथेच. काठ उभा कापला की हे सगळे एका दिवसात संपते. शिवाय त्यात पोर पडले तर त्याला वर यायला पायरीही नसते.

पूर्व विदर्भातल्या भंडारा-गोंदियात कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळात बांधलेले मालगुजारी तलाव आहेत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि बऱ्याच ठिकाणी देखभाल संपली. बेशरमाने काठ व्यापले, बाहेरचे मोठे मासे सोडले गेले आणि गावरान मासे कमी झाले. तिथे मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांना बरोबर घेऊन काम केले. बेशरम मुळासकट काढला, उन्हाळ्यात तळ नांगरला, पाण्यातल्या देशी वनस्पती आणून लावल्या. त्यानंतर देशी मासे आणि पाखरे परतली. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते हे ढिवरांना ठाऊक होते, म्हणून ते साधले. आपल्याकडे भोई आहेत. त्यांना आपण तळ्याबद्दल कधी काही विचारले आहे का?

आणि प्रत्येक तळ्याची प्रकृती वेगळी. बुलढाण्याचे लोणार घ्या. 2020 मध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. ते सोड्यासारखे खारे आहे आणि त्यातले सूक्ष्मजीव त्या खारेपणावरच जगतात. तिथे गोडे पाणी आणि सांडपाणी जास्त जाणे हाच रोग. आपल्या तळ्याला पाणी हवे, लोणारला ते बेताने हवे. गप्पी माशांचेही असेच. हौदात, बंद टाकीत जरूर सोडा. पण ते परदेशी आहेत, देशी मासे असलेल्या तळ्यात त्यांची गरज नाही.

गटारीचे काय करायचे, हे पाहायला लांब जायला नको. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे घेतले, गटारी कोरड्या पडल्या आणि डास हटले. तोच पुढे 'नांदेड पॅटर्न' म्हणून गाजला. त्यासाठी तळे बुजवावे लागले नाही.

उपसरपंचांना मी हे सारे सांगितले. ते म्हणाले, "साहेब, गाळ्यांचं उत्पन्न बुडतं त्याचं काय?" प्रश्न खोटा नाही, पंचायतीकडे पैसा नसतो. मी त्यांना 2011 चा सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग खटल्याचा निकाल सांगितला. पंजाबातल्या एका गावात तळे बुजवून बांधलेली घरे न्यायालयाने कायम केली नाहीत, उलट सगळ्या राज्यांना गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढायला सांगितले. उद्या गाळे पाडायची वेळ आली तर अनामत कोण परत करणार? यावर ते थोडे गप्प झाले.

मग मी चिठ्ठी दिली, पण वेगळी. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा, ड्रम घासून झाकावेत. संडासाच्या टाक्यांचे पाणी शोषखड्ड्यात घ्यावे. गटार बंद झाल्यावरच तळ्याला हात लावावा, तोही उन्हाळ्यात आणि काठ उतरता ठेवून. भोईवाड्यातली दोन माणसे समितीवर घ्यावीत. त्यांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि जाताना बीपी तेवढे तपासून घेतले. वाढलेले निघाले.

त्यांची ग्रामसभा 26 जानेवारीला आहे. मी जाणार आहे. ज्या गावाला माझ्या पहिल्या चिठ्ठीने तळे उरले नाही, तिथल्या दोन म्हाताऱ्यांनाही बरोबर येता का म्हणून विचारले आहे. एकाने होकार दिला. दुसरे म्हणाले, "आता काहून बोलावता डॉक्टर, तव्हा इचारायचं होतं."