क्लाइडकाठून : सरकत्या झाकणाची पेटी

मंडळी, गेल्या वर्षी या सदरात चकलीच्या सोऱ्याबद्दल लिहिलं, तेव्हा तुमच्यापैकी सहा-सात जणांचे फोन आले होते. यंदा नाही आले तरी समजून घेईन. दिवाळी अंकात अस्थींचा विषय कशाला, असं मलाही आधी वाटलं. पण वर्ष झालेलं नाही, म्हणून आमच्याकडे यंदा फराळ नाही, आणि तुमच्या घरांतून डबे येणार हे ठरून गेलंय. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट बाजूला ठेवून दुसरंच काही लिहायला हात होईना. आई फेब्रुवारीत गेली. तिच्या अस्थींसाठी मी लाकडाची पेटी केली, तिच्याबद्दल सांगतो.

दहन मेरीहिलला झालं. वेस्टर्न नेक्रॉपोलिसमधलं ते दाहगृह १८९५ सालचं, स्कॉटलंडमधलं पहिलं. वोकिंगच्या दाहगृहातलं पहिलं दहन १८८५ चं. म्हणजे ही पद्धत इथे आपल्याकडच्या आगगाडीपेक्षाही नवी! आपल्याकडे तिसऱ्या दिवशी सावडायला जातात. राखेवर पाणी शिंपडायचं, हाताने अस्थी वेचून मडक्यात भरायच्या, आणि मडकं घरात न आणता बाहेर झाडाला टांगायचं. इथे ते नाही. उरलेली हाडं यंत्रात दळतात. शरीरातला धातू त्याआधी वेगळा काढतात आणि घरच्यांची संमती असेल तर तो पुनर्वापराला पाठवतात. आईचा उजवा गुडघा असा कुठेतरी पुन्हा कामाला लागला असेल. तिला ते आवडलं असतं. दुधाची पिशवीसुद्धा धुऊन वाळत घालणारी बाई ती. आपल्या हातात येते ती फिकट करडी पूड, प्लास्टिकच्या बरणीत. सही करून बरणी घेतली, गाडीत शेजारच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टा लावला. वजन जेमतेम दोन किलो.

ताईचं पुण्याहून म्हणणं एकच : रामकुंड. तिथल्या अस्थिविलय तीर्थात अस्थी विरघळतात अशी श्रद्धा आहे, आणि बाबांच्याही तिथेच गेल्या. वाद नव्हताच. प्रश्न होता तो नेण्याचा. तांब्याचा कलश दिसायला योग्य, पण विमानतळावरच्या यंत्राला धातूच्या आतलं दिसत नाही, आणि कुणा परक्याने आईला उघडून बघावं हे मला नको होतं. लाकडाच्या आरपार दिसतं. मृत्यूचा आणि दहनाचा असे दोन दाखले सोबत ठेवायचे. म्हणून लाकूड.

दर मंगळवारी मी आमच्या भागातल्या मेन्स शेडमध्ये जातो. निवृत्त पुरुषांनी एकत्र जमून खुटखुट करायची आणि चहा प्यायचा, असा हा प्रकार; मूळ ऑस्ट्रेलियातला. तिथे एकाने मला ॲशचं लाकूड सुचवलं. २०१२ पासून इथल्या ॲशच्या झाडांवर बुरशीचा रोग पडलाय, तेव्हा लाकूड मुबलक. 'ॲश फॉर ॲशेस' असं तो बोलून गेला आणि मग सगळेच एकदम खोकायला लागले. मी हसलो, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

शेवटी कोपऱ्यातली एक फळी मिळाली, पाडलेल्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या टेबलाची. वर ॲसिडचे डाग, खाली कुणा पोराने चिकटवलेलं च्युइंगगम. लाकूड इरोकोचं. त्याला आफ्रिकन सागवान म्हणतात खरं, पण सागाशी त्याचं काही नातं नाही. घरी येऊन शोधलं तर ते निघालं फणसाच्या कुळातलं. सावंतवाडीच्या आमच्या आजोळी दारं फणसाची, पाट फणसाचे. रंधा मारल्यावर आतून तोच पिवळसर तपकिरी रंग निघाला. आता दुसरं लाकूड बघायचं कारण उरलं नाही.

मापाचा इथला ठोकताळा असा, की शरीराच्या दर पौंडामागे एक घन इंच जागा. आई शेवटी पंच्याण्णव पौंडांवर आली होती. म्हणजे साधारण दीड लिटर. आतून १६ बाय १२ बाय १० सेंटिमीटरची पेटी पुरली असती, तेवढीच केली. कोपऱ्यांना डव्हटेलचे सांधे, खिळा एकही नाही. हे सांधे मला गोव्हनच्या गोदीत जहाजांचं सुतारकाम केलेल्या एका म्हाताऱ्याने शिकवले. तो बोलायचा कमी. पटाशी माझ्या हातून घ्यायचा, धार लावायचा, परत द्यायचा.

झाकण कसं करायचं, यावर मी बरेच दिवस घालवले. इथले लोक तळाला स्क्रू लावून पेटी बंद करतात, कारण ती फडताळात कायमची राहायची असते. आपली तर रिकामी करायचीच असते. म्हणून सरकतं झाकण केलं, सावंतवाडीच्या गंजिफांच्या पेटीला असतं तसं. खाच सैल झाली तर झाकण खुळखुळतं, घट्ट झाली तर ग्लासगोच्या दमट हवेत अडकून बसतं. आणि घाटावर गुरुजी थांबलेत, ताई थांबलीये, आणि मी झाकणाशी झटतोय, असं व्हायला नको होतं.

या पेटीला म्हणायचं काय, हाही एक घोळच. कलश नाही, करंडा नाही. पेटी म्हटलं तर आमच्या सौभाग्यवतींना बाजाची पेटी आठवते. आईची एक फणेरपेटी होती. शेवटी नातीने आपोआप 'आजीची पेटी' म्हणायला सुरुवात केली.

अस्थी नेहमी घराकडेच जातात असंही नाही. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, आणि त्यांच्या अस्थी पाठवल्या गेल्या अमेरिकेत, त्यांना लेकीसारखं मानणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंकडे. पोकीप्सीच्या दफनभूमीत त्या बाईंनी आपल्या घराण्याच्या जागेत त्यांना ठेवलं. आज तिथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे. त्या प्रवासासाठीही कुणीतरी एखादं झाकण नीट बसवलं असणार. आनंदीबाईंचं वाचलं तेव्हा क्षणभर वाटलं, आईलाही इथेच ठेवावं. चौदा वर्षं ती इथे राहिली, नातवंडं इथे वाढवली, लार्ग्सच्या समुद्रावर कोट घालून भेळ खाल्ली. पण तिने कधी तसं म्हटलं नव्हतं, आणि तिचं न म्हटलेलं मी आपल्या सोयीने वाचणं बरोबर नव्हे.

पेटी तशी मे महिन्यातच झाली होती. तरी मी दर मंगळवारी ती घेऊन जायचो, आणखी बारीक पॉलिशपेपर, आणखी एक हात तेलाचा. बरणी आमच्या बाहेरच्या खोलीत, आई बसायची त्या खुर्चीजवळ होती. सकाळी चहा करताना तिकडे बघून पाणी किती ठेवायचं हे अजून चुकायचं. पेटी पूर्ण म्हणजे तिकीट, आणि तिकीट म्हणजे ती खोली नुसती खोली. ऑगस्टमध्ये म्हाताऱ्याने झाकणावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "झालीय रे ही." मग माझ्यासाठी चहा ओतला.

डिसेंबरची तिकिटं काढली आहेत, दुबईमार्गे मुंबई. परवा ताईला पेटीचा फोटो पाठवला. तिचा लगेच फोन.

"कडी कुठाय?"

"नाही लावली."

"विमानात झाकण सरकलं तर?"

"दोरीने बांधीन."

"दोरी कसली! तिची ती हिरवी इरकली आहे ना, तिचा काठ बांध."

आईचं कपाट फेब्रुवारीपासून कुणी उघडलं नव्हतं. हिने उघडलं. इरकली वरच होती. काठ उसवायला तिला अर्धा तास लागला, तेवढा वेळ मी स्वयंपाकघरात उभा होतो. पेटीभोवती तो दोनदा बसतो, वर गाठीपुरता उरतो.