अभिजाततेच्या कोपऱ्यातला पेच

पाश्चात्त्य समीक्षेचा परिचय करून देताना ‘अभिजातवाद’ हे प्रकरण आले की आपण वर्गात काही ठरलेली विशेषणे उच्चारतो : संयम, प्रमाणबद्धता, सुसंवाद, नियमनिष्ठा. दाखला म्हणून पार्थेनॉनचे नाव घेतले जाते आणि आपण स्वच्छंदतावादाकडे वळतो. (त्याला बंडखोरी बहाल करायची असल्याने आधीच्याला आज्ञाधारक ठरवणे सोयीचेही असते.) माझे म्हणणे असे की, ज्या वास्तूचा आपण दाखला देतो तिची परिभाषा दहा मिनिटे जरी फळ्यावर लिहिली, तरी ही विशेषणे इतक्या निश्चिंतपणे उच्चारता येणार नाहीत. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी आहे; तेव्हा तो जरा तपासून घेतलेला बरा.

डोरिक शैली घेऊ. ग्रीक डोरिक स्तंभाला खाली बैठक नसते, तो थेट चौथऱ्यावर उभा राहतो. माथ्यावर साधे स्तंभशीर्ष, त्यावर आडवी तुळई म्हणजे आर्किट्रेव्ह, आणि तुळईवर फ्रीझ हा पट्टा. या पट्ट्यात दोन घटक आलटून पालटून येतात : तीन उभ्या पट्ट्यांचा ट्रायग्लिफ आणि दोन ट्रायग्लिफांमधला चौकोनी फलक, मेटोपी. प्रत्येक ट्रायग्लिफच्या खाली दगडाचे छोटे छोटे उंचवटे लोंबताना दिसतात. त्यांचे लॅटिन नाव ‘गुत्ताए’, म्हणजे थेंब.

दगडाच्या इमारतीत हे थेंब आले कोठून? इ.स.पू. पहिल्या शतकात लिहिणारा रोमन वास्तुकार विट्रुव्हियस ट्रायग्लिफची उपपत्ती सांगतो. लाकडी बांधकामात तुळयांची कापलेली टोके दर्शनी बाजूला उघडी पडत. ती विद्रूप दिसू नयेत म्हणून सुतारांनी त्यांवर फळ्या ठोकल्या आणि फळ्यांना निळे मेण लावले. पुढे त्याच फळ्या दगडात उतरल्या. थेंब म्हणजे लाकडी खुंट्यांची स्मृती, असे नंतरच्या अनेक अभ्यासकांनी मानले. ही उपपत्ती आज सर्वमान्य नाही. पण तिच्यात तथ्य असेल, तर पाथरवट जिची काहीच गरज उरलेली नाही अशी खुंटी निष्ठेने कोरतो आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे नवे वाटू नये. छापील ओवीत जात्याची लय राहते ती याच न्यायाने. ज्याला आपण शुद्ध रूप म्हणतो, ते पूर्वीच्या एखाद्या गरजेचा उरलेला ठसा असू शकते.

खरा पेच कोपऱ्यावर आहे. डोरिक पट्ट्याचे नियम दोन. प्रत्येक ट्रायग्लिफ स्तंभाच्या किंवा दोन स्तंभांमधल्या अंतराच्या बरोबर मध्यावर यावा, हा एक. आणि पट्टा कोपऱ्यावर ट्रायग्लिफनेच संपावा, हा दुसरा. दगडी तुळई ट्रायग्लिफच्या रुंदीपेक्षा जाड असते. त्यामुळे शेवटचा ट्रायग्लिफ कडेला नेला की तो स्तंभाच्या मध्यावरून सरकतो आणि त्याच्या शेजारची मेटोपी ताणली जाते. मध्यावर ठेवला, तर कोपरा रिकामा पडतो. दोन्ही नियम एकदम पाळताच येत नाहीत! ग्रीकांनी कोपऱ्यातला स्तंभच आत ओढून घेतला. इ.स.पू. ४४७ मध्ये सुरू झालेल्या पार्थेनॉनमध्येही कोपऱ्यांवरचे स्तंभ शेजाऱ्यांच्या अधिक जवळ आहेत आणि किंचित जाडही आहेत. विट्रुव्हियसचा सल्ला निराळा : कोपऱ्यात अर्धी मेटोपी ठेवावी. तोच हेही नोंदवतो की हर्मोजेनिसने डोरिक मंदिरासाठी जमवलेला संगमरवर आयोनिक शैलीकडे वळवला, कारण डोरिक शैली देवालयाला योग्य नाही असे त्याचे मत होते. म्हणजे नियम सदोष आहे ही तक्रार खुद्द अभिजात वास्तुकारांचीच होती. पार्थेनॉनचा सुसंवाद हा नियम पाळल्याचा परिणाम नाही. दोन नियमांच्या भांडणात केलेली ती तडजोड आहे, आणि मला ती अधिक मोलाची वाटते.

रोमन लोकांनी तर हे व्याकरणच उचलून वेगळ्या कामाला लावले. इ.स. ८० मध्ये खुल्या झालेल्या कलोसिअमचा भार कमानी आणि त्यांचे खांब पेलतात. दर्शनी भिंतीला चिकटलेले अर्धस्तंभ (खाली डोरिकच्या जवळचे, वर आयोनिक, त्यावर कोरिंथियन) मुख्यतः शोभेसाठी आहेत. याला ऱ्हास म्हणण्याची प्रथा आहे. मला ते अलंकारशास्त्र वाटते.

अभिजातवाद शिकवणाऱ्याने एक दुपार तरी या शब्दांसाठी राखून ठेवावी, एवढीच माझी मागणी आहे. मुंबईतल्या प्राध्यापकांना तर सबबही नाही. १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या, डोरिक स्तंभांखालून आपण ग्रंथालयात जातो; एकदा मान वर करून कोपरा पाहावा.