आधी वरात, मग नवरदेव

हास्केलची कुठलीही नवी फाईल उघडा. वर आधी एक्स्टेन्शन्सची वरात: जीएडीटी, टाइप फॅमिलीज, रँक-एन टाइप्स... आणि नवरदेव, म्हणजे खरा कोड, पार खाली, चार ओळींचा. का रे बाबा, असं विचारलं की ठरलेलं उत्तर: "जीएचसीशिवाय वापरतो कोण? पोर्टेबल लिहून काय लोणचं घालायचंय?"

मुद्दा वरवर बिनतोड आहे. हग्सचं शेवटचं रिलीज 2006 सालचं. प्रमाण भाषा हास्केल 2010 वर थांबली. 2016 मध्ये पुढच्या प्रमाणासाठी समिती बसली, पण तिच्याकडून काही बाहेर आलं नाही. 2021 मध्ये जीएचसीनेच आपल्या एक्स्टेन्शन्सची मोट बांधून तिला 'जीएचसी2021' नाव दिलं.

पण मंडळी, पोर्टेबल म्हणजे फक्त दुसऱ्या कंपायलरवर नव्हे, ह्याच कंपायलरच्या पुढच्या आवृत्तीवरसुद्धा! 2021 मध्येच जीएचसी 9.0 ने सबसम्प्शनचा नियम सोपा केला. परिणाम? रँक-एन टाइप्सवर उभ्या असलेल्या कोडात जिथे नुसतं फंक्शनचं नाव चालायचं, तिथे बऱ्याच ठिकाणी लॅम्डा लिहून अर्ग्युमेंट त्याच्या हातात द्यावं लागलं. ओरड झाली, आणि 2022 मध्ये 9.2.4 ने जुनं वागणं परत आणायला 'डीपसबसम्प्शन' हे आणखी एक एक्स्टेन्शन दिलं. आता बोला! निव्वळ हास्केल 98 लिहिणाऱ्यांच्या कोडाला ह्यातलं काहीही शिवलं नाही. (साध्या कोडालाही 2015 मध्ये 7.10 ने फटका दिलाच, मोनाडला ॲप्लिकेटिव्ह सक्तीचं करून. पण ते दोन इन्स्टन्स लिहून भागलं.)

मी सोवळं पाळा म्हणत नाहीये. ट्रान्सफॉर्मर्स आणि एमटीएल ही जोडी बघा. स्टेटटी, रीडरटी हा खरा माल ट्रान्सफॉर्मर्समध्ये. तो साध्या हास्केलमधून वापरता येतो, फक्त लिफ्ट हाताने लिहायचं. ती कटकट वाचवणारे क्लासेस, ज्यांना फंक्शनल डिपेन्डन्सी लागतात, ते एमटीएलमध्ये वेगळे. असं कुंपण घातलंत तर माझी काही तक्रार नाही. लायब्ररीच्या पोटात काय वाट्टेल ते करा हो, पण तेच बाहेर दिसणाऱ्या टाइप्समध्ये घुसवलंत की पुढच्या अपग्रेडची झळ वापरणाऱ्यांनाही बसते.

आणि दुसरा कंपायलर नाहीच म्हणणाऱ्यांनी लेनार्ट ऑगस्टसनचा मायक्रोएचएस जरूर पाहावा.

असो. रिव्ह्यूमध्ये प्राग्मा दिसला की मी एवढंच विचारतो, हा कुठल्या ओळीसाठी? "टेम्प्लेटमध्येच होता" असं उत्तर आलं, की काढून टाकायला सांगतो.