आधी फक्की मारू, मग फरशी बसवू



शहापूर गावाला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. त्यामुळे तालुक्याच्या कामासाठी आलेला, माहुली किल्ला चढायला आलेला आणि रोज कल्याण-मुंबईला नोकरीला जाणारा, सगळे आसनगावलाच चढतात-उतरतात. स्थानकाबाहेरची जागा म्हणूनच कोणा एकाची नाही. पासधारकाला तिथून झटपट निघायचे असते, रिक्षावाल्याला थांबायचे असते, भाजीवालीला बसायचे असते आणि कसाऱ्याकडून येणारी लोकल चुकलेल्या म्हाताऱ्याला सावली हवी असते. अशा जागेचा नकाशा दूरच्या कचेरीत ठरला, तर कठडा चुकीच्या जागी आला हे तो बांधून झाल्यावरच कळणार. माझे म्हणणे एवढेच, की काहीही पक्के बांधण्याआधी ते महिनाभर कच्चे उभारून पाहावे, आणि कसे उभारायचे हे तिथे रोज वावरणाऱ्यांनी ठरवावे.

यात आपल्याला परके असे काही नाही. गणपतीचा मांडव घालताना रस्ता किती अडवायचा, वाट कुठून सोडायची, हे आळीतली माणसे बोलूनच ठरवतात आणि विसर्जनानंतर बांबू निघतात. शहरांनी हेच आता मोजमाप करून चालवले आहे. पुणे महापालिकेने 11 डिसेंबर 2021 रोजी पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा वाहनांना बंद ठेवला. तो रस्ता त्यामुळे कायमचा पादचाऱ्यांचा झाला नाही, हेही सांगायला हवे. पण बंद रस्ता कसा चालतो हे दुकानदारांना आणि गिऱ्हाइकांना प्रत्यक्ष दिसले. न्यूयॉर्कने मे 2009 मध्ये टाइम्स स्क्वेअरजवळ ब्रॉडवे रस्ता बंद करून साध्या घडीच्या खुर्च्या मांडल्या. अपघातात पादचारी जखमी होण्याचे प्रमाण 35 टक्क्यांनी घटल्याचे आढळले, फेब्रुवारी 2010 मध्ये बदल कायम ठेवायचे ठरले आणि पक्के बांधकाम त्यानंतर झाले.

कोणी म्हणेल, तात्पुरते म्हणून टाकलेले छप्परच पुढे अतिक्रमण होते. ही भीती रास्त आहे. म्हणून काढण्याची तारीख ठरावातच लिहावी आणि फक्कीने आखलेल्या रेषेबाहेर एक बांबूही रोवू नये. जागा रेल्वेची आहे, हा दुसरा आक्षेप. रेल्वेच्या हद्दीत तिच्या परवानगीशिवाय काही करता येणार नाही, हे मान्य. पण हद्दीबाहेरचा रस्ता आणि मोकळी जागा उरतेच, आणि लोकांनी वापरून पाहिलेला आराखडा घेऊन गेलेल्या गावाला नुसत्या निवेदनापेक्षा जास्त वजन असते. तिसरा आक्षेप मला सर्वांत पटतो: सगळ्यांना विचारत बसलो तर काम होणार नाही. मात्र न विचारता झालेले काम उखडायला लागणारा वेळ त्यात कोणी धरत नाही. शिवाय 'सगळे' म्हणजे बहुधा सभेत मोठ्याने बोलणारे चार जण. भाजीवाली धंदा सोडून सभेला येणार नाही. तिच्याकडे आपणच गेले पाहिजे.

आसनगावच्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, असा लेखी अर्ज ग्रामपंचायतीत वेळेत द्या. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. उजेड, स्वच्छतागृह आणि रात्रीच्या गाडीतून उतरल्यावर रिक्षा कुठे मिळावी, हे प्रश्न बहिणींनी तिथेच नोंदवून घ्यावेत. आखणी ठरवायला रिक्षाचालकांनी आपला एक माणूस द्यावा, विक्रेत्यांनी एक, पासधारकांनी एक. मांडव घालणाऱ्या मंडळांनी बांबू आणि ताडपत्री द्यावी.