मातीचा वास हवा, तर माती उघडी ठेवा

मृगाची पहिली सर आली, की छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबागेत आणि विद्यापीठाच्या मोकळ्या माळावर मातीचा वास घमघमतो. त्याच सरीत सिमेंटच्या रस्त्यावर उभं राहिलं, तर नाकाला जाणवतो तो ओल्या धुळीचा दर्प. पाऊस तोच, ढग तेच. फरक आहे पायाखाली.

कारण हा वास आभाळातून पडत नाही, जमिनीतून उठतो. कोरड्या दिवसांत झाडाझुडपांतून निघणारी तेलं माती-दगडांत जिरून राहतात, हे 1964 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी दाखवून दिलं. कनौजचे अत्तरवाले तर त्याच्या कितीतरी आधीपासून भाजलेल्या मातीतून ‘मिट्टी अत्तर’ काढत होते. वासातला दुसरा वाटा जिओस्मिन या रसायनाचा. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू ते तयार करतात. लाख कोटी भागांत जिओस्मिनचे मोजके भाग असले, तरी माणसाच्या नाकाला ते कळतं.

हे सगळं हवेत कसं येतं, ते 2015 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने टिपलं. थेंब सच्छिद्र मातीवर आपटला, की त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. ते वर येऊन फुटतात आणि वासाचे तुषार उडवतात. हलक्या-मध्यम पावसात हे जास्त होतं, मुसळधार पावसात कमी.

म्हणजे वासाला उघडी, श्वास घेणारी माती लागते. आणि नेमकी तीच शहरात आक्रसत चालली आहे. घरापुढचं अंगण फरशीखाली जातं, रस्त्याची कड पेव्हर ब्लॉकखाली, झाडाचा बुंधा सिमेंटच्या कड्यात.

चिखल नको, ही लोकांची तक्रार खरी आहे. पण चिखल टाळायला प्रत्येक वितीवर काँक्रीट ओतावं लागत नाही. शिवाय उघडी माती पाणीही मुरवते. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने 17व्या शतकात या शहराला पाणी दिलं ते डोंगरपायथ्याच्या जमिनीत मुरलेलं, नहरींतून खेळवलेलं. आज वर्षाला जेमतेम 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आणि नळाच्या पाण्यासाठी पैठणच्या जायकवाडीकडे डोळे लावणाऱ्या या शहराने तेच मुरणारं पाणी गटारात सोडावं, हे परवडणारं नाही.

राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचा एक मीटर भाग काँक्रीटमुक्त करायला सांगितलं होतं. इथल्या महापालिकेनेही रस्त्याच्या प्रत्येक निविदेत ही अट घालावी. पार्किंगच्या पट्ट्यांत गवत उगवू देणारे जाळीदार ब्लॉक बसवावेत. सोसायट्यांनीही यंदा फरशीचा ठेका देण्याआधी कुंपणालगतची हातभर पट्टी तेवढी वगळावी. पाऊस येण्याआधी एवढं सहज होण्यासारखं आहे.