निवेदन, जबाब आणि एटापल्लीची मुलगी

चार दशकांहून अधिक काळ युद्धाच्या छायेत राहिलेल्या गडचिरोलीच्या अरण्यातून माडिया मुलीचे आत्मकथन मराठीत का येत नाही, असा प्रश्न चर्चासत्रांतून अधूनमधून उपस्थित केला जातो. प्रश्नात हळहळ असते आणि हळहळीआड आरोपही असतो: तिकडे अनुभव आहे, आविष्कार नाही. दाखला म्हणून ले ली हेस्लिपचे नाव पुढे केले जाते. मध्य व्हिएतनाममधील दा नांगजवळच्या की ला या खेड्यात १९४९ साली जन्मलेली ही शेतकऱ्याची मुलगी. कोवळ्या वयात व्हिएतकाँगसाठी पहारा करणारी, त्यापायी सरकारी कोठडीत छळ सोसणारी आणि सुटून आल्यावर फितुरीच्या संशयावरून त्याच व्हिएतकाँगच्या माणसांचा अत्याचार सोसणारी. ती सांगू शकली, मग एटापल्लीच्या मुलीने का सांगू नये?

दोघींच्या परिस्थितीतील साम्य खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष उथळ आहे. हेस्लिपचे पुस्तक प्रसिद्ध झाले १९८९ मध्ये. युद्ध १९७५ मध्ये संपले होते आणि ती त्याही आधीपासून अमेरिकेत राहत होती. पुस्तक इंग्रजीत, जे वुर्ट्‌स या सहलेखकाच्या साहाय्याने सिद्ध झाले. म्हणजे युद्धकालीन घडणीचे प्रतिमान म्हणून जे मिरवले जाते ते युद्धकाळात लिहिलेलेच नाही. सांगितलेल्या गोष्टीबद्दल कोणी पकडून नेणार नाही, कोणी रात्री उठवून नेणार नाही, एवढे अंतर पडल्यावर ते लिहिले गेले. त्याने पुस्तकाचे मोल उणावत नाही. परंतु प्रामाणिक, निःसंकोच आत्मकथन हे ज्या समीक्षेला सर्वोच्च मूल्य वाटते तिने ते शांततेच्या काळाचे मूल्य आहे, याची नोंद घेतलेली दिसत नाही.

१९८० च्या सुमारास आंध्रातून नक्षलवाद्यांची दलमे या जंगलात आली; १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्यानंतर एटापल्ली तालुक्यात वाढलेल्या मुलीपुढे दोन कायदे होते. रात्री दारात आलेल्या दलमला भात वाढणे हा एकाच्या लेखी गुन्हा, दिवसा ठाण्यात दिसणे ही दुसऱ्याच्या लेखी खबरेगिरी. अशा गावात ‘त्या पावसाळ्यात आमच्याकडे कोण जेवून गेले’ हे आत्मकथनातले साधे वाक्य राहत नाही, ते पुरावा होते. मराठीने ‘निवेदन’ हा एकच शब्द कादंबरीलाही दिला आहे आणि तहसील कचेरीलाही. समीक्षकाला त्यातला पहिलाच अर्थ ऐकू येतो. माडिया मुलीच्या कानी मराठी प्रथम आली ती आश्रमशाळेतून, वननाक्यावरून आणि ठाण्यातून. तिथे ‘सांग’ या आज्ञार्थाचा अर्थ जबाब दे, असाच होतो. न सांगणे हा तिथे आविष्काराचा अभाव नाही. ती शिकून घेतलेली, पिढीकडून पिढीकडे गेलेली समज आहे.

या समजेखेरीज काय घडते हे गट्टेपल्लीच्या मुलांबाबत दिसले. २२ एप्रिल २०१८ रोजी इंद्रावतीकाठी झालेल्या बोरिया-कसनसूर चकमकीत व लगोलगच्या कारवाईत मिळून ४० जण मारले गेले. एटापल्ली तालुक्यातील गट्टेपल्लीची आठ मुले त्याच सुमारास बेपत्ता झाली होती. त्यांत मुलीही होत्या. मुले लग्नाला गेली होती, असे घरच्यांचे म्हणणे. ती दलममध्ये नुकतीच दाखल झाली होती, असे पोलिसांचे म्हणणे. एकाच प्रवासाची ही दोन कथानके आहेत, आणि जिने तो प्रवास केला ती कोणत्याच कथानकाची निवेदक होऊ शकत नाही. निवेदनशास्त्रावर पानेच्या पाने खर्ची घालणाऱ्या मराठी समीक्षेला ही निवेदनाची समस्या वाटली नाही, हे नवलच म्हणायचे.

विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ (१९९२) ही या प्रदेशाची मराठीतील सर्वपरिचित घडणकथा. हेमलकशाच्या दीर्घ सहवासातून ती आली आहे आणि तिचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. तरी जाणिवेचा आलेख तिथे जुरू या तरुणाचा आहे. शीर्षकातला जन्मही पुरुषाचाच. हा केवळ एका लेखकाचा कल नव्हे. मराठीत मुलगा कर्तासवरता होतो आणि मुलगी वयात येते. एकाची वाढ कर्तृत्वाने मोजायची, दुसरीची शरीराने. माडिया मुलीची तर गावाच्या कडेच्या कुर्माघराने. सुधारकी लेखन त्या झोपडीची गळती आणि घाण वर्णून थांबते. त्या दिवसांत तिथे एकत्र बसलेल्या बायका एकमेकींना काय सांगतात, एखादी मुलगी कोणते लग्न टाळण्याचे मनाशी ठरवते, हे त्या वर्णनाच्या कक्षेबाहेर राहते. वास्तविक दलममध्ये गेलेल्या अनेकींच्या कथनांत जबरीच्या लग्नाचा उल्लेख येतो, आणि क्रांतिकारी आदिवासी महिला संघटनेने अशा लग्नांविरुद्ध मोहीमही चालवली. मात्र त्याच चळवळीने दलममध्ये लग्न करू पाहणाऱ्यांवर नसबंदीची अट घातली. घर सोडून जिने स्वतःचा निर्णय घेतला, तिच्या मातृत्वाचा निर्णय पुन्हा दुसऱ्याच कोणी घेतला. यात कादंबरीचे द्रव्य नाही असे कोण म्हणेल?

देशीवाद्यांची तऱ्हा वेगळी. त्यांना गोटुल हवे असते, आणि तेही एल्विनने १९४७ साली वर्णिलेले. ते बस्तरच्या मुरियांचे. माडियांच्या गोटुलात मुलामुलींनी एकत्र रात्र काढण्याची ती रीत नाही. एवढा साधा भेद न पाळता संस्कृतीच्या गाभ्याविषयी बोलले जाते.

दरम्यान या मुलीची घडणकथा मराठीत लिहिली जातच आहे. भ्रम, भटकंती, शहाणपण आणि अखेर समाजात स्थान, असा जो आराखडा गटेच्या ‘विल्हेल्म माइस्टर’पासून सांगितला जातो, तो महाराष्ट्रात आज कोणी काटेकोरपणे पाळत असेल तर ते पोलिसांचे प्रसिद्धिपत्रक. २००५ च्या आत्मसमर्पण योजनेपासून त्याचा साचा ठरून गेला आहे: भूलथापांना बळी, भ्रमनिरास, शरणागती, पुनर्वसन. माओवाद्यांच्या शहीद-पुस्तिका हेच आयुष्य शंका उद्भवण्याच्या आत संपवतात. विमला सिडाम ऊर्फ तारक्का १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांसमोर शरण आल्या, तेव्हा बातम्यांत इनामाची रक्कम ठळक होती. गडचिरोलीतलीच एक मुलगी काही दशके जंगलात कशी वाढली, हा प्रश्न त्या रकमेखाली दबला.

२०२५ च्या ऑक्टोबरात भूपतीसह मोठ्या गटाने शस्त्रे ठेवल्यानंतर आता ही आत्मकथने येऊ लागतील, यात शंका नाही. शब्दांकनकार मिळतील, प्रकाशक मिळतील, प्रस्तावनाही मिळतील. मग समीक्षा आपले जुने माप काढील: हे अस्सल आहे काय? त्याआधी विचारायचे प्रश्न निराळे आहेत. कथन कोणत्या खोलीत झाले, कोण हजर होते, माडियातून मराठीत ते कोणी आणले, कोणती नावे गाळली आणि ती गाळण्याचा अधिकार कोणाकडे होता? गाळलेल्या जागा भरून काढण्याचा आग्रह धरणारा संपादक आणि जबाब घेणारा अंमलदार यांच्यात फरक कोणता?

गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. आश्रमशाळांतून मराठी शिकून आलेली मुलगी तिथे मराठीच्या वर्गात बसू शकते. ‘तुझा अनुभव लिही’ असे तिला सांगण्याची प्राध्यापकवर्गाला घाई असते. तिच्या हाती तिच्याच तालुक्यावरची वीस वर्षांची प्रसिद्धिपत्रके, त्या शहीद-पुस्तिका आणि मनोहरांची कादंबरी देऊन त्यांचे परीक्षण लिहावयास सांगता येईल.