पिकअपचे मागचे ऑइल : हिशोब पावसाळ्याचाही धरा

उल्हासनगरचे फर्निचर आणि अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांचा माल वाहणारे आपले बांधव इंजिनचे ऑइल वेळेवर बदलतात; मागच्या डिफरन्शियलकडे मात्र आवाज येईपर्यंत कोणी पाहत नाही. तोवर क्राऊन-पिनियन झिजलेले असते. थोडे गिअर ऑइल वाचवून मोठा खर्च ओढवून घेणे, ही कसली काटकसर?

कंपनीच्या पुस्तिकेतले किलोमीटर पाळावेतच. सतत जड माल वाहणाऱ्या गाडीचे ऑइल त्याआधीच बदलावे. पण आमच्या मते या भागात तेवढ्याने भागत नाही. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ चे उल्हास नदीचे पूर आपण पाहिले आहेत. तापलेले हाउसिंग पाण्यात एकदम गार झाले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. म्हणून एक्सलपर्यंत पाणी लागले असेल तर खालचा प्लग उघडून पाहावा. पाणी किंवा दुधाळ ऑइल आले, तर किलोमीटर न मोजता बदलून टाकावे.

गाडीतला माल ही आपल्याकडे दुसऱ्याची अमानत असते. ती वाटेत अडकू नये, एवढी खबरदारी आपण घ्यायलाच हवी.